शील आणि शुश्रूषा

संस्थेची स्मरणिका निघते तेव्हा तीत वाटचालीचा आढावा असतो, देणगीदारांविषयीची कृतज्ञता असते आणि माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद असते. कोण अभियंता झाला, कोण परिचारिका झाली, कोण मंत्रालयात पोहोचला, कोणी पीएच.डी. मिळवली, हे वाचताना ऊर भरून येतो आणि तो यावाच. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्याने आपल्या लेकरांची यादी अभिमानाने छापली पाहिजे. परंतु ज्या संस्थेने मुलांना नुसते शिकवले नाही, तर वाढवले, तिच्याजवळ आणखी एक यादी असते आणि ती कोठेही छापली जात नाही. त्याच वंदना म्हणून, त्याच पंगतीत जेवून बाहेर पडलेली आणि पुढे व्यसनाच्या वाटेने नाहीशी झालेली मुले त्या यादीत असतात. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे. विषय आम्ही मुद्दाम मर्यादित ठेवला आहे : गर्दसारख्या अफूच्या जातीच्या पदार्थाची मात्रा अति होऊन माणूस मरू लागतो, त्या घटकेला आपली विहारे, आपली मंडळे आणि आपली शाळा काय करू शकतात?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. व्यसनापासून दूर राहावे, हे सांगणारी व्यवस्था आपल्या समाजात भक्कम आहे. व्यसनात सापडलेल्या माणसाला जिवंत ठेवणारी व्यवस्था मात्र उभी व्हायची आहे. पहिली कितीही भक्कम असली, तरी दुसरीची उणीव ती भरून काढू शकत नाही.

प्रथम शत्रू ओळखून घेऊ. अफूच्या बोंडातून निघणाऱ्या चिकापासून मॉर्फिन आणि कोडीन मिळते. मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉइन बनते. त्याचेच अशुद्ध रूप म्हणजे ब्राऊन शुगर, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘गर्द’ म्हणतात ते. ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही वेदनाशामके कारखान्यात तयार होतात, पण त्यांचे काम त्याच जातीचे. या सर्वांना मिळून ‘ओपिऑइड’ असे नाव आहे. वैद्याच्या हातात ही औषधे वरदान आहेत. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील असह्य वेदना मॉर्फिननेच शमतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनला कोणी घाबरू नये. धोका आहे तो मात्रेत. मेंदूतील ज्या केंद्रामुळे आपण झोपेतही श्वास घेत राहतो, ते केंद्र हे पदार्थ मंद करतात. मात्रा वाढली की श्वास संथ होतो, मग अडखळतो, मग थांबतो. माणूस तडफडत नाही, ओरडत नाही. तो झोपल्यासारखा दिसतो आणि भोवतालचे लोक ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणून निघून जातात. या मृत्यूचे भयंकरपण त्याच्या शांतपणात आहे.

कोणी म्हणेल, हा पंजाबचा नाहीतर अमेरिकेचा प्रश्न, रोह्याचा कसा? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे. रोहा-पेण परिसरात सर्वाधिक घरे आजही दारूने उद्ध्वस्त होतात. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात खालापूर तालुक्यात पोलिसांनी पकडलेला कारखाना ‘एमडी’चा होता, आणि त्याच वर्षी कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेली पाकिटे चरसची होती. या दोन्ही वस्तू अफूच्या जातीच्या नाहीत. पण आपली मुले रोह्याच्या वेशीत थांबत नाहीत. दिव्याच्या गाडीत बसून ती पनवेल, ठाणे, मुंबई गाठतात. गोदीत, गोदामात, ट्रकवर, बोटीवर कामाला लागतात. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड पदार्थ घेत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचारांची गरज होती. ज्या मोजक्या राज्यांत अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक एकवटलेले आढळले, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात ओपिऑइडच्या अतिमात्रेने जगभरात सुमारे सव्वा लाख माणसे गेली. दारू माणसाला वर्षानुवर्षे झिजवून मारते. गर्द काही मिनिटांत मारू शकतो. आणि त्याच काही मिनिटांत त्याला परतही आणता येते. म्हणून या विषयाचा स्वतंत्र विचार करायचा.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हांला येथे एक जुनी गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या व्यापारावर ब्रिटिश सरकारचा महसूल फुगला आणि मुंबईत कित्येक वाडे व पेढ्या उभ्या राहिल्या. त्याच मुंबईत, कापडगिरण्यांच्या भरभराटीच्या काळात, चाळीतल्या कामकरी बायका तान्ह्या मुलाला अफू घातलेली ‘बाळागोळी’ देत. का देत? त्या आया निर्दय नव्हत्या, व्यसनीही नव्हत्या. पहाटे भोंगा झाला की त्यांना खात्यात हजर व्हावे लागे, मागे मूल सांभाळायला कोणी नसे, आणि मूल दिवसभर निजून राहील असा तो एकच उपाय परवडत असे. मात्रा चुकली की मूल निजलेलेच राही. १९२० च्या दशकात स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या महिला डॉक्टरांनी ही प्रथा सरकारदरबारी नोंदवून ठेवली आहे. त्या आयांना पापी ठरवून प्रश्न सुटला असता काय? खरा उपाय होता तो गिरणीतल्या पाळणाघरात आणि बाळंतपणाच्या भरपगारी रजेत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहून बाबासाहेबांनी हाच विचार मांडला होता, की बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. माणूस अफूपर्यंत कसा पोहोचतो हे त्याच्या परिस्थितीत शोधावे लागते आणि त्याला तेथून परत आणण्याची सोय समाजाला व शासनाला करावी लागते. नुसत्या निषेधाने पाळणा हलत नाही.

आता थोडे कठीण बोलावे लागेल. आपल्या समाजात व्यसनी मुलाविषयी जितके मौन पाळले जाते, तितके अन्यत्र क्वचितच पाळले जात असेल. या मौनाला कारण आहे. शेकडो वर्षे आपल्यावर अस्वच्छतेचा, व्यसनाचा, हीन राहणीचा शिक्का मारला गेला. १९२७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे, स्वच्छ व स्वाभिमानी राहण्याचे आवाहन केले. १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या आजी-आजोबांनी त्या प्रतिज्ञा जीव तोडून पाळल्या आणि त्या शिक्क्यातून स्वतःला सोडवले. साहजिकच घरात एखादा मुलगा गर्द ओढू लागला, की आईबापांना वाटते, हे बाहेर कळले तर आपले घर पुन्हा त्या शिक्क्याखाली जाईल. म्हणून मुलाला मुंबईला मावशीकडे धाडले जाते, दार बंद करून मारले जाते, लग्न लावून दिले जाते. पण दवाखान्यात नेले जात नाही. जी प्रतिष्ठा माणसाला ताठ उभे करण्यासाठी मिळवली, तीच प्रतिष्ठा पडलेल्या माणसाला झाकून ठेवण्यासाठी वापरली जावी, हे महाडच्या वारसदारांना शोभत नाही.

आमच्या माहितीतील एका घराची गोष्ट येथे नाव-गाव वगळून सांगतो. मुलगा खेळात चांगला, स्वभावाने गोड. मुंबईत कामाला लागला आणि गर्दमध्ये अडकला. घरच्यांनी धीर धरून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. चार-पाच महिने तो पूर्ण दूर राहिला, अंगाने भरला, पुन्हा कामावर गेला. पहिल्याच महिन्यात जुने सोबती भेटले. त्याने पूर्वीइतकाच गर्द घेतला आणि तो कोसळला. सोबती घाबरले, पोलीस येतील, आपले नाव येईल, म्हणून त्याला तसाच ठेवून निघून गेले. गावी सांगितले गेले की झटका आला. जलदान विधीला सगळे आले, सगळे त्याच्या खेळाविषयी बोलले. तो कशाने गेला, हे कोणी बोलले नाही. त्याच गावातील आणखी दोन मुले त्याच वाटेवर होती आणि तीही त्या सभेत मागे बसली होती. त्यांच्या उपयोगाची गोष्ट तेवढी त्या सभेत सांगितली गेली नाही.

त्या मुलाचे काय चुकले, यापेक्षा त्याच्या शरीरात काय घडले हे समजणे महत्त्वाचे आहे. नियमित सेवनाने शरीर मोठी मात्रा सोसू लागते. काही आठवडे, काही महिने पदार्थ बंद राहिला की ही सोसण्याची शक्ती नाहीशी होते. मनातली ओढ मात्र शिल्लक असते. म्हणूनच व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा दीर्घ आजारपणातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. काल पचलेली मात्रा आज जीव घेते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या, तर हा धोका अनेक पटींनी वाढतो, कारण त्याही श्वासच मंद करतात. ‘बरा होऊन आला, आता काळजी नाही’ असे घर ज्या क्षणी म्हणते, त्याच क्षणी काळजीची खरी गरज सुरू होते.

येथे कोणी पाचव्या शीलाची आठवण देईल. ती द्यावीच. मादक पदार्थ टाळण्याचे शील आपण प्रत्येक वंदनेत ग्रहण करतो. त्या शीलाचा रोख नीट पाहिला, तर तो ‘प्रमादा’वर आहे, गाफीलपणाला कारण होणाऱ्या गोष्टींपासून दूर राहण्याचा तो संकल्प आहे. मग शेजारी माणूस गुदमरत असताना त्याच्या चारित्र्याची चर्चा करीत बसणे, हा गाफीलपणा नव्हे काय? विनयपिटकात एक प्रसंग आहे आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तो घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला बोलावून त्यांनी विचारले की, येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही, तर कोण करणार? आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा, असे त्यांनी सांगितले. निवासी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाला या प्रश्नाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आईबाप दूर असताना तापात कपाळावर ओली घडी कोणी ठेवली होती, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना चांगले आठवत असेल. तो भिक्खू कशामुळे आजारी पडला, त्याने पथ्य मोडले होते काय, अशी चौकशी भगवंतांनी आधी केली नाही. शील हे स्वतःसाठी असते; दुसऱ्याच्या वाट्याला आपली शुश्रूषा यावी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ही माहिती प्रत्येक घरात असावी. अतिमात्रेची तीन प्रमुख लक्षणे आहेत : हाक मारून, हलवून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी जोरात चोळूनही माणूस जागा होत नाही; श्वास अतिशय संथ, घोरल्यासारखा, घुरघुरणारा किंवा जवळजवळ बंद असतो; आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतात. ओठ व नखे निळसर-काळसर पडू लागतात. अशा वेळी पहिले काम १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलावणे. ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही’ हे शब्द स्पष्ट सांगावेत, ठिकाणाची खूण सांगावी. दुसरे काम श्वास देणे. माणसाला उताणे निजवून तोंडात काही अडकले असल्यास काढावे, कपाळ मागे करून हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरावे आणि तोंडाने, दर पाच सेकंदांनी एक, असा श्वास द्यावा. प्रत्येक श्वासाला छाती वर येते की नाही ते पाहावे. श्वास अजिबात नसेल आणि नाडीही लागत नसेल, तर छातीच्या मध्यावर जोराने व भराभर दाब देणे सुरू करावे. श्वास परत आला, तर माणसाला एका कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात अडकणार नाही. मदत येईपर्यंत त्याला एकटे सोडू नये.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. मिठाचे पाणी, ताक, लिंबूपाणी, काहीही बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतू नये. ते फुप्फुसात जाते. उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. थंड पाण्याची बादली ओतू नये, चालवत फिरवू नये, मिठाचे किंवा दुधाचे इंजेक्शन टोचण्याचा अघोरी प्रकार तर कधीच करू नये. आणि ‘झोपला आहे’ म्हणून दिवा मालवून निघून जाऊ नये.

या मृत्यूवर उतारा आहे. त्याचे नाव नॅलोक्सोन. हे औषध मेंदूतील त्याच जागा अडवते, जेथे अफूचे पदार्थ जाऊन बसतात. म्हणून काही मिनिटांत श्वास परत सुरू होऊ शकतो. अफूचा अंश शरीरात नसेल तर ते दिल्याने अपाय होत नाही. त्याचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात नेलेच पाहिजे. उताऱ्याचा जोर ओसरल्यावर विषाचा जोर पुन्हा चढू शकतो. दारू, एमडी, झोपेच्या गोळ्या यांवर त्याचा उपयोग नाही. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत नॅलोक्सोन आहे. अशी घटना ज्यांच्या समोर घडण्याचा संभव असतो, त्या सोबत्यांना, कुटुंबीयांना व कार्यकर्त्यांना हे औषध मिळावे आणि वापरायला शिकवावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली आहे. अमेरिकेत शिकागोच्या कार्यकर्त्यांनी १९९६ मध्ये ते थेट व्यसनी लोकांच्या हातात द्यायला सुरुवात केली. २०२३ पासून तेथे त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना मिळतो. आपल्याच देशात मणिपूर-नागालँडमधील संस्थांनी सुई टोचून घेणाऱ्या मुलांमध्ये हे काम केले आहे. महाराष्ट्राच्या गावपातळीवर हा उतारा पोहोचवणे हे पुढचे काम आहे.

‘औषध मिळाले म्हणून काय होणार, ज्याची वेळ भरली तो जाणारच’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही आपल्याच जिल्ह्यातील बिरवाडीचे उदाहरण देऊ. महाडजवळच्या या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे सर्रास मरत. लोक आधी मांत्रिकाकडे जात आणि मृत्यू नशिबाच्या खात्यावर लिहिला जाई. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षणे केली आणि प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग शोधला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा चाळिसांच्या आसपास होते, ते एकावर आले. गोळी केंद्रात असणे, ती केव्हा द्यायची हे डॉक्टरला माहीत असणे आणि माणसाला वेळेत तेथवर आणायचे हे गावाला माहीत असणे, या तीन गोष्टी जुळल्या आणि ‘नशीब’ बदलले. अतिमात्रेच्या बाबतीत याच तीन गोष्टी जुळवायच्या आहेत.

एक आक्षेप हमखास येतो : हे सारे शिकवले, तर मुलांची भीती जाईल आणि व्यसन वाढेल. रोहेकरांना याचे उत्तर धाटावच्या औद्योगिक वसाहतीत मिळेल. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कारखान्यांना आपत्कालीन आराखडा करून त्याचा सराव घेणे बंधनकारक झाले. वायुगळती झाली तर भोंगा कसा वाजेल, वाऱ्याची दिशा कशी पाहायची, कोठे जमायचे, हे आपल्या कामगार बांधवांना पाठ असते. या सरावामुळे कामगार वायुगळतीला उत्सुक होतात, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गळती होऊ नये म्हणून झटायचे आणि झालीच तर माणसे वाचवायची तयारी ठेवायची, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात. माणूस जिवंत राहिला तरच त्याला व्यसनातून बाहेर काढता येते. मेलेल्याला कोणतेही प्रवचन लागू पडत नाही.

उपचारांची परंपरा महाराष्ट्रात आहे. १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्दची लाट आली, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झाले. व्यसनी माणसाला ‘रुग्णमित्र’ मानणे, बऱ्या झालेल्यांनाच कार्यकर्ते करणे आणि बाहेर पडल्यावर पाठपुरावा न सोडणे, ही त्या कामाची शिकवण आहे. मुंबईत सुई टोचून घेणाऱ्यांमध्ये ‘संकल्प’ ही संस्था अनेक वर्षे काम करते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या काही केंद्रांत गर्दच्या बदली डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दिले जाते. त्यामुळे ओढ आटोक्यात राहते, अतिमात्रेचा धोका घटतो आणि माणूस कामधंद्याला लागू शकतो. ‘एका व्यसनाच्या जागी दुसरे’ असे म्हणून या उपचाराची हेटाळणी करू नये. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार व्यसनाशी निगडित विकार हा उपचाराचा विषय आहे, उपचार मिळणे हा हक्क आहे आणि रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध आहे. जेथे मारहाण होते, भेट नाकारली जाते, तेथे आपले मूल ठेवू नये.

कायद्याच्या भीतीविषयीही बोलले पाहिजे, कारण त्या मुलाचे सोबती याच भीतीने पळाले. अंमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यातील कलम ६४-अ सांगते की, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य केंद्रात उपचार घेण्यास तयार असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. हे कलम आपल्या वकील माजी विद्यार्थ्यांनी गावोगाव समजावून सांगावे. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने स्पष्ट संरक्षण दिले आहे. अतिमात्रेने कोसळलेल्या सोबत्यासाठी फोन करणाऱ्यालाही तसेच निःसंदिग्ध संरक्षण मिळाले पाहिजे, ही मागणी आपल्या मंचांवरून व्हावी. संविधानाचे कलम ४७ राज्याकडून नशाबंदीची अपेक्षा करते, आणि त्याच कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. आपण पहिल्या भागावर मोर्चे काढले. दुसऱ्या भागाचा आग्रहही तितकाच धरला पाहिजे.

मग आपण नेमके काय करावे? आम्हांला सुचलेल्या काही गोष्टी माजी विद्यार्थी संघापुढे ठेवतो. शाळेतील नववीपासून पुढच्या प्रत्येक मुला-मुलीला वर्षातून एकदा प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळावे आणि त्यात बुडणे, विजेचा धक्का, सर्पदंश यांच्या जोडीला अतिमात्राही असावी. म्हणजे तो विषय लाजेचा न राहता ज्ञानाचा होईल. आपल्या परिचारिका व डॉक्टर माजी विद्यार्थ्यांनी हे प्रशिक्षण द्यावे. रोहा व पेणच्या उपजिल्हा रुग्णालयांत, तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि १०८ च्या रुग्णवाहिकांत नॅलोक्सोनचे इंजेक्शन कायम शिल्लक असते काय, याची चौकशी माजी विद्यार्थी संघाने लेखी अर्जाने करावी आणि वर्षातून दोनदा करावी. प्रत्येक गावच्या पंचायत समितीने व मुंबई मंडळाने दोन माणसे नेमावीत, एक पुरुष आणि एक स्त्री, ज्यांच्याकडे कोणत्याही आईने रात्री-अपरात्री फोन करावा आणि गोष्ट त्यांच्या ओठांबाहेर जाऊ नये. उपचार घेऊन परतलेल्या मुलाच्या घरी पहिले तीन महिने कोणीतरी आठवड्याला जावे. चौकशीसाठी नव्हे, सोबतीसाठी. वर्षावासाच्या प्रवचनमालेत एक दिवस या विषयाला द्यावा. जयंतीच्या वर्गणीतून काही रक्कम एखाद्या मुलाच्या उपचारासाठी बाजूला ठेवली, तर त्याहून मोठे अभिवादन कोणते? आणि प्रत्येक विहाराच्या फलकावर तीन क्रमांक ठळक लिहावेत : रुग्णवाहिकेसाठी १०८, व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय साहाय्यवाणीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६.

यातील एकही गोष्ट लाखो रुपयांची नाही. लागते ते एवढेच, की ज्याच्याविषयी आपण बोलत नाही, त्याच्याविषयी बोलायला सुरुवात करायची. पालकांना आमची विनंती आहे की मुलगा सांगू लागला, तर आधी ऐकून घ्या. त्याच्या एका वाक्याला मारलेली थप्पड पुढची सगळी वाक्ये बंद करते. आणि जे माजी विद्यार्थी आज या वाटेवर असतील आणि ज्यांच्या हाती ही स्मरणिका कोणा नातलगाच्या घरी पडेल, त्यांना आम्ही सांगतो : तुमचे नाव या शाळेच्या पटावरून कोणी काढलेले नाही. एकटे असताना घेऊ नका, बंद करून पुन्हा घेण्याच्या मोहात पडलात तर जुनी मात्रा जीव घेईल हे विसरू नका, आणि परत यायचे असेल तर सरळ शाळेच्या दारात या.

आपल्या शेजारच्या तळा तालुक्यात कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दानकर्त्यांची नावे कोरली आहेत. त्यांत राजघराण्यातील माणसे आहेत, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, आणि एक वैद्य कुटुंबही आहे : ऋषिरक्षित या उपासक वैद्याचा मुलगा सोमदेव, तोही वैद्यच, आपल्या मुलामुलींच्या नावांसह एक लेणे दान करतो. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच खाडीकाठी धम्म आणि वैद्यक एका घरात नांदत होते. ती परंपरा कातळात सुरक्षित आहे. ती माणसांत पुन्हा सुरू करणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी या शाळेइतकी योग्य जागा आम्हांला दुसरी दिसत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!